सबनीसांची टँक बॅग

नऊ मार्च, शनिवार. रक्कम एकशे एकोणनव्वद युरो. हजर: विद्याधर सबनीस, मी, डब्लिनच्या एका मोटरसायकल-सामानाच्या दुकानातला विक्रेता डेक्लन, आणि आमटीने काठोकाठ भरलेला तीन पुडांचा स्टीलचा डबा.

डबा काउंटरवर होता. शेजारी टँक बॅग होती, म्हणजे पेट्रोलच्या टाकीवर, चालवणाऱ्याच्या पोटाशी बसवायची पिशवी. लांब प्रवासाला जाणारे लोक तिच्यात पाकीट, नकाशा, चष्मा असं हाताशी लागणारं सामान ठेवतात. सबनीसांनी तिच्यात डबा उभा ठेवला, चेन लावली, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि दुकानात चालायला लागले. हेल्मेटांपाशी ते डावीकडे झुकले. हातमोज्यांपाशी उजवीकडे झुकले. दाराजवळ एकदम गचकन थांबले.

"हे काय?" मी विचारलं.

"मेंढी आडवी आली."

"लिमरिकचा रस्ता मोटरवे आहे. तिथे मेंढ्या येत नाहीत."

"मेंढीला ते माहीत आहे का?"

डेक्लन काउंटरवरून माझ्याकडे झुकला आणि हळूच म्हणाला, "युअर मॅन ठीक आहे ना?" मी सांगितलं की पिशवीत डाळ आहे आणि ती सांडते का ते बघायचं आहे. "ग्रँड," डेक्लन म्हणाला. आयर्लंडमध्ये या एका शब्दाखाली काहीही झाकता येतं.

आमटी सांडली नव्हती. सबनीसांनी झाकण उघडून मला आणि डेक्लनला दोघांनाही ते दाखवलं. मग पिशवीची उंची पुन्हा एकदा मोजली, किंमत पुन्हा एकदा विचारली आणि म्हणाले, "घरी विचार करून सांगतो." त्या दुकानात ही आमची पहिली खेप नव्हती.

डब्लिनजवळच्या नास गावात आम्ही बारा वर्षं शेजारी होतो. दोन घरांत एकच भिंत. आता त्यांच्या घरात एक तरुण आयरिश जोडपं राहतं आणि त्यांनी कुठलीही वस्तू आणली की ती त्याच दिवशी वापरायला काढतात. मला अजून ते विचित्र वाटतं. सबनीस लिक्सलिपच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनियर होते. मी हिशेबनीस. माझ्या लक्षात आकडे राहतात, म्हणून खरेदीला जाताना ते मला बरोबर नेत. "मोघे, तुम्ही फक्त लक्षात ठेवा, बोलू नका," अशी माझी नेमणूक होती.

उंच, किडकिडीत माणूस. कायम तपकिरी स्वेटर, त्याच्या डाव्या खिशात डबीत गुंडाळली जाणारी मोजपट्टी आणि उजव्या खिशात सुतळी बांधलेलं एक लोहचुंबक. चुंबक त्यांच्या आईचं. भांड्यांच्या दुकानात आपल्याकडे बायका चुंबक लावून पाहतात. चिकटलं तर स्टील हलकं, नाही चिकटलं तर चांगलं. सबनीसांच्या आईने मुलाला परदेशी धाडताना दागिना किंवा देव दिला नाही, हे चुंबक दिलं आणि सांगितलं, "चिकटलं की फसलं." इंजिनियर मुलाने ते विज्ञानाचा नियम म्हणून स्वीकारलं. आमच्या स्वयंपाकघरातलं सिंक त्यांनी घर बघायला आले त्याच दिवशी तपासलं. मग माझ्या बायकोला म्हणाले, "असू दे. चालतं काही वर्षं."

कारखान्यात ते केसाच्या हजाराव्या भागाइतक्या चुका शोधत. तिथे त्यांचा निर्णय क्षणात होत असे, असं त्यांचे सहकारी सांगत. घरी आल्यावर मात्र त्यांना टोस्टर घ्यायला एक हिवाळा लागला. तोवर सुनंदावहिनी तव्यावर पाव भाजत होत्या. वहिनी नवऱ्याच्या व्हिसावर इथे आल्या आणि पुढे घरूनच डबे पुरवायला लागल्या. त्यांच्या पोळ्यांना डब्लिनपासून मागणी होती. त्या म्हणायच्या, "भावजी, मला यांनी एका भेटीत पसंत केलं याचं अजून नवल वाटतं." त्यावर सबनीस गंभीरपणे म्हणायचे, "तेव्हा अनुभव नव्हता."

सायकलची गोष्ट मात्र वहिनी सांगत नसत. ती केतकीने, त्यांच्या मुलीने, मला सांगितली. ती सात वर्षांची असताना तिला सायकल घ्यायचं ठरलं. सोळा इंची चाकाची. सबनीसांनी सगळ्या सायकली बघितल्या, वजनं केली, साखळ्यांना चुंबक लावलं. निवड पक्की झाली तेव्हा केतकीचे पाय जमिनीला घासत होते. मग वीस इंचीचा शोध सुरू झाला. शेवटी रस्त्यापलीकडच्या मॉरीनने आपल्या मुलाची जुनी सायकल दिली. केतकी हे हसत सांगायची, पण दरवर्षी सांगायची.

अशा माणसाने सत्तावन्नाव्या वर्षी मोटरसायकल घ्यायची ठरवली. शिकवणी आणि परीक्षा यांत कसलीच निवड करायची नव्हती, त्यामुळे लायसन्स झटपट मिळालं. गाडी किलकेनीकडच्या नोएल नावाच्या एका शेतकऱ्याकडे मिळाली. लांब पल्ल्याची, जुनी, निळी, घोड्याएवढी गाडी. सबनीसांनी इंजिन ऐकलं नाही. टायर पाहिले नाहीत. खिशातून सुतळीचं चुंबक काढलं आणि पेट्रोलच्या टाकीला लावलं. चुंबक घसरलं. वर लावलं, खाली लावलं, दोन्ही बाजूंनी लावलं. कुठेच चिकटेना. सबनीसांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. मुलगा पास झाल्यावर बापाचा होतो तसा.

"मोघे," ते मराठीत कुजबुजले, "या माणसाला काय विकतोय ते माहीत नाहीये. टाकी अस्सल स्टीलची आहे."

त्यांनी तिथेच पैसे दिले. घासाघीस न करता. नोएलला वाटलं आपण कमी सांगितले.

टाकी ॲल्युमिनियमची होती. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं, पण माझी नेमणूक फक्त आकडे लक्षात ठेवण्याची होती.

गाडी घरी आली, तिचा विमा झाला, तिला आच्छादन शिवलं गेलं. आणि सामानाचा प्रश्न आला. दोन्ही बाजूंना पेट्या लावल्या तर गाडी घराच्या बाजूच्या फाटकातून आत जात नव्हती. मागे पेटी लावायला सबनीस तयार नव्हते. "जे दिसत नाही ते पडलं असं समजायचं," हे त्यांचं मत. पाठीवर पिशवी घ्यायला कंबर तयार नव्हती. आणि वहिनींची अट होती की साखरेचा त्रास आहे, म्हणून घरचं जेवण बरोबर हवं आणि ते वेळेवर हवं. राहिली टँक बॅग, डबा उभा मावेल अशी. जगातल्या टँक बॅगा डब्यासाठी केलेल्या नसतात. जिच्यात डबा मावे ती हँडलला अडे. जी हँडलला अडत नसे तिच्यात डब्याची कडी वर राही.

हे सगळं सबनीसांनी पाच वर्षं चालवलं असतं तरी कोणाचं काही बिघडलं नसतं. पण त्या वर्षी केतकीने लिमरिकला घर घेतलं. ती तिथल्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होती. जुलैच्या शेवटच्या रविवारी वास्तुशांत करायची, हे सांगायला ती नासला आली. आम्हीही जेवायला होतो. वरणभात चालू असताना सबनीस म्हणाले, "मी मोटरसायकलवर येणार."

केतकीला मराठी सगळं कळायचं. बोलायची मात्र इंग्रजी, आणि तेही पक्कं आयरिश. ती म्हणाली, "यू वोंट, बाबा."

"येणार म्हणजे येणार."

"यू विल बी इन द शेड, बाबा. विथ द टेप."

वहिनी हसल्या. माझी बायको हसली. सबनीसही हसायला गेले, पण केतकी हसत नव्हती. ती भातात तूप कालवत होती. मग तिने मान वर न करता म्हटलं, "इट्स ग्रँड. कम इन द कार विथ काका."

त्या रात्रीपासून सबनीसांच्या खरेदीत घाई शिरली. त्यांच्यापुरती घाई. मार्चमधली आमटीची परीक्षा ही तिचाच भाग. एप्रिलमध्ये ते रिकामा डबा घेऊन गेले, मे महिन्यात भातासकट. जूनच्या अखेरीस दोन पिशव्या उरल्या. एक पट्ट्यांनी बांधायची, दुसरी चुंबकाची. तीच मार्चमधली, चार कोपऱ्यांत चार जाड चुंबकं शिवलेली, एकशे एकोणनव्वदवाली.

डेक्लनने नियमाप्रमाणे विचारलं, "टाकी स्टीलची आहे ना?"

"उत्तम स्टीलची," सबनीस छाती काढून म्हणाले. "मी स्वतः चुंबक लावून बघितलंय."

"मग ग्रँड," डेक्लन म्हणाला.

आपापल्या समजुतीने दोघांनीही खरं तेच सांगितलं होतं. सबनीसांनी पैसे भरले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "चार चुंबकं आहेत, मोघे. आईला दाखवायला हवी होती."

पिशवीची पहिली चाचणी वास्तुशांतीच्या आठ दिवस आधी झाली. आमच्या गल्लीतच. सबनीस जाकीट घालून, हेल्मेट घालून बसले. वहिनींनी भरलेला डबा पिशवीत ठेवला. पिशवी टाकीवर ठेवली. ती छान बसली, कारण गाडी उभी होती. मॉरीन कुंपणापाशी चहाचा पेला घेऊन उभी होती. मी तिला सांगितलं की ही चाचणी आहे. तिने घरातून खुर्ची आणली.

गाडी निघाली. वळणापर्यंत ठीक होतं. वळणावर गाडी डावीकडे गेली आणि पिशवी सरळ गेली. आधी ती सबनीसांच्या मांडीवर आली. त्यांनी गुडघ्यांनी ती धरली. गाडी एकदम हळू झाली, पिशवी गुडघ्यांतून निसटली, रस्त्यावर पडली आणि गडगडत मॉरीनच्या फाटकाशी थांबली. डब्याची कडी सुटली होती. पिशवी जलरोधक असल्याची कंपनीची हमी होती आणि ती शंभर टक्के खरी निघाली. सगळी आमटी आतच राहिली.

"यात सूप असतं होय?" मॉरीन म्हणाली.

सबनीस रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. पिशवी उचलून त्यांनी पुन्हा टाकीला लावली. घसरली. आपल्या दाराच्या लोखंडी फाटकाला लावली. खट्‌कन चिकटली, दोघांनी ओढून काढावी लागली. ते फाटकाकडे बघत राहिले, मग टाकीकडे.

"पिशवी खोटी आहे," ते म्हणाले.

"पिशवी खरी आहे," मी म्हणालो. "टाकी ॲल्युमिनियमची आहे."

"कशावरून?"

"चुंबक चिकटत नाही."

वहिनी दारातून म्हणाल्या, "अहो, कारखान्यात कसं हो ठेवलंय तुम्हाला?"

सोमवारी आम्ही पिशवी परत करायला गेलो. वहिनींनी ती तीनदा धुतली होती, पण हिंगाने कंपनीच्या हमीला दाद दिली नाही. डेक्लनने चेन उघडली आणि बंद केली. मग म्हणाला, "पण तुम्ही तर चुंबक लावून बघितलं होतंत."

"बघितलं होतं. अजिबात चिकटलं नाही. म्हणूनच तर गाडी घेतली."

डेक्लनने माझ्याकडे पाहिलं. त्या माणसाला 'ग्रँड' म्हणता आलं नाही असं मी एकदाच पाहिलं.

पैसे परत मिळाले नाहीत. पट्ट्यांची पिशवी होती, ती त्याने काढून दाखवली. टाकीच्या झाकणाला कडं बसवून त्यात अडकवायची तिसरी एक होती, तीही दाखवली. मी म्हणालो, "सबनीस, पट्ट्यांची घ्या आणि चला." पण त्यांनी मोजपट्टी काढली होती. पट्ट्या रंग खरवडतील का? कड्याचे स्क्रू कुठल्या मापाचे? डब्याचं वजन कड्यावर येईल की टाकीवर? मी त्यांच्याकडे बघत होतो. हा माणूस आता काही निवडणार नाही हे मला दिसलं, आणि बहुधा त्यांनाही दिसलं असावं, कारण मोजताना त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

वहिनी शुक्रवारीच ट्रेनने लिमरिकला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "भावजी, रविवारी काहीही करा, पण यांना आणा. कारने आणा, मालट्रकमध्ये घालून आणा. ती पोरगी बोलत नाही, पण वाट बघते."

रविवारी सकाळी मी बायकोने भरून दिलेला डबा घेऊन शेजारी गेलो. घर उघडं होतं, माणूस नव्हता. मागे परसात शेड होती, तिचं दार लोटलेलं होतं. आत मोटरसायकल, आच्छादन काढलेली. सबनीस पूर्ण पोशाखात. जाकीट, बूट, सगळं. हातात मोजपट्टी. टाकीच्या झाकणाचा व्यास मोजत होते.

"निघायचं ना?" मी विचारलं.

"हे एवढं माप घेतो. कड्याची पिशवी बसेल असं वाटतंय. पुढच्या आठवड्यात…"

इतक्यात त्यांचा फोन वाजला. हातात मोजपट्टी असल्याने त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, व्हेअर आर यू?"

"निघतोच आहे."

केतकीला शेडच्या पत्र्याचा आवाज ओळखता येत असावा. ती चिडली नाही. अगदी मऊ आवाजात म्हणाली, "इट्स ग्रँड, बाबा. रिअली. आय नेव्हर थॉट यू वुड, लाइक. काका विल ड्राइव्ह यू." आणि तिने फोन ठेवला.

सबनीसांनी मोजपट्टी सोडली. ती सुर्रकन आपोआप आत गेली. मग त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला, कामाच्या फळीवर ठेवला, कडी काढली आणि उभ्या उभ्या जेवायला लागले. पोळी, बटाट्याची भाजी, आमटी, भात.

"अहो, सकाळचे नऊ वाजलेत."

"सुनंदाची अट काय आहे? जेवण घरचं आणि वेळेवर. वेळ कुठली ते तिने सांगितलेलं नाही."

"पण एवढं?"

"मोघे, सामान कुठे ठेवायचं हा प्रश्न होता ना?" त्यांनी शेवटची आमटी डब्याला तोंड लावून प्यायली. "ठेवलं."

गोळ्या जाकिटाच्या खिशात गेल्या, पाकीट दुसऱ्या खिशात. रिकामा डबा त्यांनी माझ्या हातात दिला, चूळ भरली, हेल्मेट घातलं आणि गाडी शेडबाहेर काढली. मॉरीन कुंपणापाशी होती. ती खुर्ची आणायला आत वळली, पण तोवर ते गेले होते.

मी कारने मागे निघालो. सुरुवातीला ते सगळ्यात डावीकडून इतके हळू चालले होते की घोड्यांची वाहतूक करणारी गाडी त्यांना ओलांडून गेली आणि घोड्याने मागच्या खिडकीतून पाहिलं. किल्डेअर मागे पडलं तसा त्यांचा वेग वाढला. एका मोटरसायकलवाल्याने पुढे जाताना त्यांना मान हलवून सलाम केला. सबनीसांनी एक हात छातीशी नेऊन अर्धा नमस्कार केला. मग मला त्यांच्या मागे राहणं अवघड व्हायला लागलं. माझा काटा एकशे वीसवर होता आणि निळी गाडी लहान होत चालली होती.

ते पोचले हे मला संध्याकाळी वहिनींच्या फोनवरून कळलं. गुरुजी व्हिडिओवरून मंत्र सांगत होते, मधेच बाहेर आवाज झाला आणि यजमानीण पाटावरून उठून दाराशी पळाली. "ती मराठीत बोलली हो भावजी," वहिनी म्हणाल्या. "'बाबा, तू आलास?' एवढंच. पुढे परत इंग्रजी." गुरुजींना पूजा पुन्हा सुरू करावी लागली.

नंतर सबनीसांनी नोकरी सोडली, नासचं घर विकलं आणि दोघं लिमरिकला मुलीच्या गल्लीतच राहायला गेले. आमच्या भेटी होतात, पण क्वचित. मला मात्र ते आठवतात त्या रविवारचे, वाटेतल्या टोलनाक्यावरचे. रांगेत त्यांना गाठून मी पुन्हा त्यांच्या लगेच मागे होतो. मला वाटलं, आता हातमोजे काढणार, दरपत्रक वाचणार, दुचाकीला इतका का आणि मोटारीला तितका का ते विचारणार, पावती तपासणार. मागच्या ट्रकने हॉर्न वाजवायला सुरुवात करणार. सबनीसांनी हेल्मेटची काच वर केली, मागे वळून मला ओरडून सांगितलं, "मोघे, पुढच्या फाट्यावरून परत जा! मागे ओळखीचं कोणी असलं की मला सारखा आरसा बघावा लागतो!" त्यांचे गाल वाऱ्याने लाल झाले होते. मिशीला आमटी होती.

मग त्यांनी माझ्या गाडीकडे बोट केलं, त्यांची मोटरसायकल आणि माझी मोटार अशा दोन्हींचा टोल म्हणून दहा युरोंची नोट खिडकीतल्या मुलीच्या हातात दिली, आणि किती झाले ते न विचारता, सुटे पैसे न घेता, दांडा पुरता वर जायच्या आत खाली वाकून निघून गेले.